कच्ची बाजू आधी

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी एकदा लोखंडी कपाट एकटीने या खोलीतून त्या खोलीत नेलं होतं, तेही घरात आम्ही सगळे असताना. मी स्वयंपाकघरात होते, माझा नवरा फोनवर होता आणि दादा, म्हणजे माझे थोरले दीर, त्या कपाटापासून चार पावलांवर पेपर वाचत बसले होते. घर्रर्र आवाज झाला म्हणून मी हात पुसत बाहेर आले, तोवर कपाट नव्या जागी उभं होतं आणि जाऊबाई त्याची दारं नीट लागतात का ते बघत होत्या.

"ताई, हाक मारायची होती की," मी म्हटलं.

"तुम्ही येईपर्यंत माझं होऊन जातं."

दादांनी पेपर खाली केला. "मी इथेच होतो."

"हो, दिसत होतात," ताई म्हणाल्या आणि आतल्या कपड्यांच्या घड्या सारख्या करायला लागल्या.

यात तक्रार नव्हती. त्यांचा खरोखरच तसा हिशेब होता. दुसऱ्याला बोलवा, त्याच्या हातातलं काम संपेपर्यंत थांबा, मग त्याला कुठे धरायचं ते समजावून सांगा. त्यापेक्षा स्वतः उचललेलं बरं. उंचीला बेताच्या, खांद्याला रुंद, चालताना किंचित पुढे वाकलेल्या, जणू पुढच्या दारातून काहीतरी आत न्यायचंच आहे. मी या घरात आले तेव्हा माझी बॅगही त्यांनीच वर आणली होती. नवी नवरी मागून रिकाम्या हाताने जिना चढली.

नोकरीही त्यांना अशीच मिळाली होती. गावाबाहेरच्या रस्त्याला एक वृद्धनिवास आहे, तिथे त्या मदतनीस. सकाळी माणसं पलंगावरून उठवून चाकाच्या खुर्चीत बसवायची, खुर्चीतून न्हाणीघरात, न्हाणीघरातून परत. कूस बदलायची, उशी लावायची, घसरलेल्याला वर सरकवायचं. एका माणसाला उचलायला दोघींनी असायचं असा तिथला नियम आहे, भिंतीवर चित्र काढून लावलेला. दुसरीला बोलवायला पलंगाजवळ बेल आहे. ताईंनी ती बेल कधी दाबली असेल असं मला वाटत नाही. त्या उजवा हात पाठीमागून घालायच्या, खांदा काखेत रोवायच्या आणि एका दमात माणूस खुर्चीत. त्यांच्या वॉर्डात एक निवृत्त हेडमास्तर होते, धिप्पाड गृहस्थ, त्यांनासुद्धा. ते खुर्चीत टेकले की दर वेळी म्हणायचे, "शाबास, बस खाली." आणि ताई त्यांच्या पायांवर पांघरूण घालत म्हणायच्या, "बसायला वेळ कुठाय, सर."

खांद्याचं दुखणं त्यांनी घरात सांगितलं नाही. मला ते डब्यांवरून कळलं. वरच्या फळीवरचे डबे एकेक करून मधल्या फळीवर उतरले. मग त्या केस डाव्या हाताने विंचरायला लागल्या, भांग थोडा तिरका पडायला लागला. मी विचारलं तर म्हणाल्या, "फॅशन आहे."

वृद्धनिवासातल्या मेट्रनबाईंच्या नजरेतून मात्र हे सुटलं नाही. त्यांनी तपासणी करवली, उजवा हात कानाच्या वर जात नाही हे कागदावर आलं. मग त्यांनी ताईंना खोलीत बोलावलं आणि सरळ सांगितलं, की पुढच्या तपासणीत जमलं नाही तर वॉर्ड बंद. खाली धुण्याच्या खोलीत जायचं, चादरी आणि टॉवेल बघायचे. पगार तोच.

"पगार तोच, मग काय झालं?" दादा म्हणाले.

ताई भात वाढत होत्या. "चादर शाबास म्हणत नाही," त्या म्हणाल्या. एवढंच. पण त्या रात्री भांडी घासताना त्या मला सांगत राहिल्या, कोणाला उठवताना आधी पाय खाली सोडावे लागतात, कोणाला उठवण्याआधी चष्मा द्यावा लागतो, नाहीतर माणूस घाबरतो. हे सगळं कोणाला सांगून ठेवायचं आणि ते कोणाच्या लक्षात राहणार, ही त्यांना खरी काळजी होती.

व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याभोवतीची ताकद वाढवा, दोन्ही बाजूंची. ताई व्यायामशाळेत जाऊन आल्या. तिथल्या यंत्रावर बसून दांडा वर-खाली करायचा, समोर आरसा. चौथ्या दिवशी सोडून दिलं. "आपल्याच तोंडाकडे किती वेळ बघायचं?"

तेव्हा दातांच्या डॉक्टरने सुचवलं. ही मुलगी वृद्धनिवासात कवळ्या बघायला यायची, काडीसारखी, ताईंच्या निम्म्या वजनाची. ती संध्याकाळी खांबाच्या क्लासला जायची. पोल फिटनेस. जमिनीपासून छतापर्यंत उभा, मुठीत मावेल एवढा लोखंडी खांब, आणि त्यावर चढायचं, लटकायचं, हळूहळू उतरायचं. "काकू, पाठ आणि दंड असे तयार होतात ना," ती म्हणाली, "की मला आता दाढ काढताना पाय लावावा लागत नाही."

घरी ही बातमी आली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातल्या डान्सबारचे दिवे आले, हे मी कबूल करते. दादांच्याही आले असावेत, कारण त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "खांबावरून घसरायला अग्निशामक दलात भरती निघाली आहे का?"

"निघाली तर तुमचं नाव देते," ताई म्हणाल्या. "आग लागली की पेपर घडी करून या."

पहिल्या दिवशी सोबत म्हणून मी गेले. टायरच्या दुकानावरची मोठी खोली, रबराचा वास जिन्यापर्यंत. आत सहा खांब, प्रत्येकाखाली जाड गादी, एका बाजूला बाक. दिवे नव्हते, म्हणजे सिनेमातले नव्हते; दोन ट्यूबलाइट होत्या, त्यातली एक फडफडत होती. शिकवणारी पंचविशीतली, पूर्वी जिम्नॅस्टिक्स करायची. ताईंनी तिला पहिल्याच दिवशी मास्तरीणबाई करून टाकलं आणि ते नाव सगळ्यांनी उचललं.

ताई घोट्यापर्यंत तंग पँट घालून गेल्या होत्या. खांबाला पाय आवळला आणि त्या जशा चढल्या तशा अलगद खाली आल्या, जिन्याच्या कठड्यावरून पोर घसरावं तशा. मास्तरीण म्हणाली, "काकू, कापड घसरतं. कातडी धरते. मांड्या उघड्या लागतील."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

दोन दिवसांनी आमच्या वाळत घालायच्या दोरीवर एक काळी अर्धी चड्डी आली. दादांनी ती चिमट्यासकट उचलून विचारलं, "ही कोणाची?" आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "गणवेश आहे. हात धुवून लावा." तो विषय तिथे संपला. माणसांना रोज अंघोळ घालणाऱ्या बाईला मांड्यांचं काय अप्रूप असणार. काळेनिळे डाग पडायचे, त्याला त्या "शिक्के" म्हणायच्या. "आज दोन शिक्के मिळाले."

मी बाकावर बसून स्वेटर विणायचे आणि बघायचे. आधी मनगटं फिरवायची, मग खांब धरून नुसतं लटकायचं, खांदे कानांपासून खाली ओढून. मग पायाची पकड, एक नडगी पुढून, एक टाच मागून, आणि हातांनी शरीर वर घ्यायचं. चढण्यापेक्षा उतरणं अवघड. हळू उतरायचं, घसरायचं नाही. मास्तरणीचा एकच हट्ट होता. जे काही करायचं ते आधी कच्च्या बाजूने. ताकद ताजी असते तेव्हा पक्की बाजू पुढे येते आणि सगळं खाऊन टाकते, कच्चीला उरलंसुरलं मिळतं, असं ती म्हणायची. ताईंची डावी बाजू कच्ची. आयुष्यभर उजव्याने उचललेलं. डावा हात नुसता सोबतीला. तो आता थरथरायचा, त्या दात आवळून लटकत राहायच्या. "ऊठ मेल्या, तीस वर्षं बसून खाल्लंस," असं त्या स्वतःच्या हाताला म्हणालेलं मी ऐकलं आहे.

हळूहळू तो उठला. आमच्या घरातले दोन डबे वरच्या फळीवर परत गेले, डाव्या हाताने.

पण खांबावर उलटं लटकायला त्या तयार नसत. बाकीच्या डोकं खाली करून लटकायच्या. तेव्हा खाली एकीने उभं राहून त्यांना सांभाळायचं असतं. ते काम ताईंनी न सांगता घेतलं. कोणी उलटी लटकायला निघाली की खाली ताई हात पसरून हजर. मुली त्यांना दुसरी गादी म्हणायच्या. "काकू, तुमची पाळी," मास्तरीण म्हणायची, आणि ताईंना तेव्हाच पाणी प्यायचं असायचं, नाहीतर घड्याळ बघायचं असायचं. मी एकदा परतताना विचारलं, का नाही करत. म्हणाल्या, "मला कोण धरणार? ती दातवाली? चेंगरून मरेल गं बिचारी."

तपासणी जवळ आली तेव्हाच तो प्रकार झाला. हाताच्या घामाने खांब निसरडा होतो, म्हणून दर पाळीनंतर तो साध्या स्पिरिटने पुसायचा असतो. त्या संध्याकाळी बाटली रिकामी होती. ताईंनी पिशवीतून वृद्धनिवासातलं हाताला लावायचं जंतुनाशक काढलं, त्यालाही स्पिरिटचाच वास, आणि खांब वरपासून खालपर्यंत पुसला. ताईंचं पुसणं म्हणजे पुसणं. कोपरा सुटायचा नाही, आणि खांबाला तर कोपराही नव्हता.

दातांची डॉक्टर चढली, वर जाऊन उलटी लटकली आणि सुटली. अगदी सरळ खाली, डोकं आधी. ताई खाली होत्याच. त्यांनी तिला आख्खं झेललं, उजव्या हातावर, छातीशी. मास्तरीण ओरडत होती, "गादीवर सोडा, काकू, गादीवर." ताईंनी सोडली नाही. तिला पायांवर नीट उभं केलं, मगच खाली बसल्या, उजवा खांदा धरून.

मुलीला खरचटलंही नव्हतं. मास्तरणीने खांबावरून बोट फिरवलं, दोन बोटं एकमेकांवर चोळली.

"काय लावलंय हे?"

"जंतुनाशक. आमच्याकडचं. चांगलं असतं, त्याने हात फुटत नाहीत."

"का फुटत नाहीत, काकू?"

ताईंनी स्वतःची बोटं एकमेकांवर चोळून बघितली. मग त्यांच्या लक्षात आलं. दिवसभर हात धुणाऱ्या बायकांची कातडी सुकू नये म्हणून त्यात बुळबुळीत ग्लिसरीन घातलेलं असतं. त्यांनी खांबाला तेच चोळलं होतं, नेहमीच्या काळजीने. त्यांनी ती बाटली पिशवीच्या तळाशी ढकलली, हे मला फार लागलं. एरवी त्यांनी स्वतःची टर उडवली असती.

"ते एक झालं," मास्तरीण बाजूला बसत म्हणाली, "ते मीही बाटली बघायला हवी होती. पण काकू, मी शिकवलं होतं ना. सांभाळायचं म्हणजे झेलायचं नसतं. मान आणि डोकं धरायचं, बाकीचं वजन गादीला द्यायचं. गादी त्यासाठीच आहे. तुम्ही गादीचंही काम करायला जाता."

त्यानंतर ताई क्लासला गेल्या नाहीत. खांदा शेकत बसायच्या. डॉक्टर म्हणाले, फाटलं काही नाही, ताण आहे, आठवडाभर आराम. एकदा मी चहा दिला तेव्हा म्हणाल्या, "धुण्याची खोली तशी वाईट नाही. उबदार असते." कप घेऊन आत आले.

दादांना काय सुचलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्या शनिवारी ते औषधाच्या दुकानातून एक बाटली घेऊन आले आणि ती ताईंच्या पुढ्यात ठेवली. साधं स्पिरिट. "दुकानदाराला दोनदा विचारलं," ते म्हणाले. "यात बाकी काही नसतं." आणि पेपर उघडला. पेपर कालचा होता.

ताईंनी बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. सोमवारी ती पिशवीत घालून निघाल्या.

मास्तरणीने उजव्या हाताला काहीही करू दिलं नाही. "आज फक्त पाय," ती म्हणाली. स्टूल लावून ताईंना खांबावर बसवलं, मांडीवर मांडी घट्ट आवळून. "आता मागे झुकायचं. हात लागत नाहीत याला. पकड मांड्यांची, खाली धरायला माणूस."

माणूस म्हणजे दातांची डॉक्टर. तिने आधीच बाह्या सारल्या होत्या.

"अगं, दुसरं कोणी नाही का?" ताई वरून म्हणाल्या.

"दुसरी गादी वर बसली आहे," ती म्हणाली.

ताई मागे झुकल्या. हळू, मग आणखी हळू, मग थांबल्या. पाठ आडवी झाली, डोकं मागे आलं, चेहरा लाल. मुलीचे दोन्ही हात मानेखाली आणि खांद्याखाली.

"मान सोडा, काकू."

"सोडली."

"नाही सोडली. माझ्या हातावर वजनच आलेलं नाही."

"येईल, तर तू—"

"मी रोज दवाखान्यातल्या खुर्चीत हेच बघते. सैल सोडा म्हटलं की माणूस मान जास्त ताठ करतो. त्याला वाटतं, आपण मदत करतोय. आम्हाला दुप्पट त्रास."

मी सुया खाली ठेवल्या होत्या. ताईंचे डोळे उघडे होते, छताला लागलेले. मग त्या उलट्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं, ओठ सुटले. मुलीचे हात थोडे खाली गेले आणि तिथे स्थिर झाले. वजन आलं होतं. फार वेळ नाही, मला दोन टाके घालता आले असते एवढाच. मग डावा हात वर करून, खांब धरून त्या उठून बसल्या आणि स्टुलावरून उतरल्या.

घरी येताना ताई वळणावर म्हणाल्या, "हेडमास्तर असेच करतात गं. उचलताना सगळं अंग ताठ करतात. मी म्हणायचे, सर, मला मदत करू नका. त्यांना वाटत असणार, बाई एकटी आहे, हिच्यावर सगळं कसं टाकायचं."

तपासणीचं पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं, हेडमास्तरांच्या आवाजासकट. खांद्याची मापं झाली. डावा चांगला, उजवा हात कानापर्यंत, वर नाही. मेट्रनबाई "हं" म्हणाल्या आणि त्यांना वॉर्डात घेऊन गेल्या. नेमकं हेडमास्तरांच्या पलंगापाशी उभं केलं. "यांना खुर्चीत घ्या."

ताईंनी सरांचा चष्मा दिला, पाय खाली सोडले आणि बेल दाबली.

कोणी आलं नाही. शेजारच्या खोलीतून पाण्याचा आवाज येत होता. हेडमास्तर पाय लोंबकळत बसलेले, मेट्रनबाई हाताची घडी घालून.

"काय झालं बाई?" सर म्हणाले. "रोज तर तुम्ही पटकन."

"थांबा, सर. दुसरी येते आहे."

"तास बुडतो आहे."

"बुडू द्या."

ताई म्हणाल्या, त्या उभं राहण्याएवढं अवघड त्या खांबावरचंही काही नव्हतं. हात आपोआप पुढे जात होते. त्यांनी ते एप्रनच्या खिशात घातले. खिशात स्पिरिटच्या बाटलीचं बूच होतं, तेच फिरवत राहिल्या. पुन्हा बेल दाबली. शेवटी दुसरी मदतनीस ओल्या हातांनी धावत आली, माफी मागायला लागली. ताईंनी तिला उजवीकडे उभं केलं, स्वतः डावा खांदा लावला, आणि सरांना म्हणाल्या, "सर, आता आम्ही दोघी आहोत. सगळं आमच्यावर टाका." सर अलगद खुर्चीत आले. त्यांनी आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. "शाबास" कोणाला म्हणायचं हा त्यांना प्रश्न पडला असावा, कारण ते नुसतं "बरं" म्हणाले.

मेट्रनबाईंनी कागद दुमडला. दारापाशी जाऊन म्हणाल्या, "मला मागच्या वर्षभरात या पलंगाची बेल ऐकू आली नव्हती. वाटलं होतं, बिघडली आहे." मग म्हणाल्या, "वॉर्डातच राहा. एकटीने उचललेलं दिसलं तर मात्र त्याच दिवशी खाली."

आता क्लासला ताई आठवड्यातून दोनदा जातात. उजवा हात अजून पूर्ण वर जात नाही आणि कदाचित जाणारही नाही. मधल्या फळीवर बाकीचे डबे आहेत ते आहेतच.

परवा मी कणीक मळत होते. आतून हाक आली.

"धाकटे, ये गं जरा. कपाटामागे झाडायचंय. दुसरी बाजू धर."

"ताई, हात पिठाचे आहेत."

कपाट सरकल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होते. तो आला नाही. मी हात धुतले, सावकाश पुसले आणि आत गेले. ताई कपाटाला पाठ टेकून उभ्या होत्या. दुसऱ्या कडेला दादा होते, दोन्ही हात लावून, पेपर काखेत.

"कधी उचलायचं?" ते विचारत होते.

"थांबा," ताई म्हणाल्या. "ती येऊ दे."